व्हेनेझुएलातले लोक क्रिप्टोवर कसे तगले: सारखे विचारले जाणारे प्रश्न

क्रिप्टोवर बोलताना सगळे व्हेनेझुएलाचंच उदाहरण का देतात?

कारण तिथे ही गोष्ट खरंच घडली आणि बरीच वर्षं चालली. आपल्याकडे क्रिप्टो म्हटलं की भाव वर गेला का खाली आला एवढंच डोक्यात येतं, तिथे मात्र प्रश्न असा होता की सोमवारी हातात आलेल्या पैशात शुक्रवारी काय येणार. एकदम साध्या लोकांनी, म्हणजे नर्स, शिक्षक, मोबाईल रिपेअरवाला, बाहेरदेशी गेलेल्या पोरांचे आईबाप अशांनी हे वापरलं. पण याच व्हेनेझुएलाचं नाव घेऊन आपल्याकडे कोणकोण कॉइन विकत फिरतात ते बघून मला राग येतो, म्हणून हे सगळं नीट लिहायला घेतलं.

तिथे नेमकं काय झालं?

देशाची जवळजवळ सगळी परकीय कमाई तेलाची. तेल महाग होतं तेव्हा सगळं बाहेरून आणायची सवय लागली. २००३ मध्ये ह्यूगो चावेझ सरकारने डॉलरवर कंट्रोल आणला, म्हणजे डॉलर पाहिजे तर सरकारकडे अर्ज करायचा, सरकारी दराने मिळाला तर मिळाला. ज्यांची वर ओळख होती त्यांना स्वस्तात डॉलर मिळायचे आणि ते बाहेर काळ्या बाजारात कितीतरी पटीने विकायचे, यातच कितीजण गब्बर झाले. २०१३ ला निकोलास मादुरो राष्ट्राध्यक्ष झाले, २०१४ ला तेलाचे भाव पडले, तेल कंपनीचं उत्पादन आधीच ढासळत होतं, आणि सरकारने तूट भरायला नोटा छापत सुटायचं ठरवलं. नंतर अमेरिकेचे निर्बंध आले, त्यानेही हाल वाढले, पण गाडी रुळावरून त्याच्या आधीच घसरली होती हे लक्षात ठेवा.

२०१८ या एका वर्षाची महागाई त्यांच्याच सेंट्रल बँकेच्या आकड्यांप्रमाणे १,३०,०६० टक्के. २००८, २०१८ आणि २०२१ अशी तीन वेळा नोटांवरची शून्यं काढली, आधी तीन मग पाच मग सहा, एकूण चौदा. बोलिव्हार हे तिथलं चलन, म्हणजे २००७ मधले एक कोटी गुणिले एक कोटी बोलिव्हार आज एक बोलिव्हार झाले. असा आकडा वाचून काही वाटत नाही, पण ज्याने वीस वर्षं बँकेत थोडंथोडं साठवलं होतं त्याचं काय झालं असेल याचा विचार करा. सत्तर लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली.

आपल्याकडच्या नोटबंदीसारखंच का?

नाही, पण एक योगायोग खरा आहे. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या, आणि महिनाभरातच, डिसेंबर २०१६ मध्ये, मादुरोंनी १०० बोलिव्हारची नोट बंद जाहीर केली जी तेव्हा तिथली सगळ्यात मोठी नोट होती. नव्या नोटा वेळेवर पोचल्याच नाहीत, बऱ्याच शहरांत दुकानं लुटली गेली आणि सरकारला मुदत पुढे ढकलावी लागली. आपल्याकडे रांगा लागल्या, हाल झाले, पण नवी नोट हातात आल्यावर तिची किंमत टिकून होती. तिथे नवी नोट यायची तोवर तिच्यात काही राहिलेलं नसायचं, हा मोठा फरक.

मग लोकांनी सरळ डॉलरच का नाही घेतले?

घेतले की! हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो, व्हेनेझुएलात पहिला आधार क्रिप्टो नव्हता, कागदी डॉलर होता. २०१८ मध्ये सरकारने डॉलरच्या व्यवहारांवरची गुन्हेगारी कलमं काढली आणि २०१९ ला तर स्वतः मादुरोंनी टीव्हीवर सांगितलं की डॉलर चालतायत ते बरंच आहे. राजधानी काराकासमध्ये किराणा, औषधं, घरभाडं सगळं डॉलरमध्ये सांगायला लागले.

पण कागदी डॉलरची अडचण वेगळीच. सुट्टे मिळत नाहीत. एकची, पाचची नोट दुर्मिळ, त्यामुळे तीन डॉलरचं सामान घेतलं तर उरलेल्या दोनचं काहीतरी गळ्यात मारतात. नोट जरा फाटलेली, डाग पडलेली असली की दुकानदार घेत नाही. घरात ठेवली तर चोरीची भीती, सीमा ओलांडताना बरोबर असली तर त्याहून जास्त. ज्यांचं किंवा ज्यांच्या नातेवाइकांचं अमेरिकेत बँक खातं होतं ते झेल वापरायचे, म्हणजे तिथली खात्यातून खात्यात पैसे टाकायची सोय, पण असं खातं किती जणांकडे असणार. राहिलेल्या लोकांना फोनमध्ये ठेवता येईल असा डॉलर पाहिजे होता, आणि क्रिप्टो तिथे उपयोगी पडलं.

म्हणजे बिटकॉइन?

सुरुवातीला हो. २०१७-१८ च्या आसपास लोकलबिटकॉइन्स नावाच्या साइटवर लोक आपसात बोलिव्हार आणि बिटकॉइनची अदलाबदल करायचे. वीज सरकारी सबसिडीमुळे जवळपास फुकट होती म्हणून काहीजण घरात मशीन लावून मायनिंगही, म्हणजे कॉम्प्युटर चालवून नवे कॉइन मिळवायचं काम, करायचे, गुपचूप, कारण पोलिस धाडी टाकायचे आणि मशीन उचलून न्यायचे किंवा हप्ता मागायचे. ती साइट २०२३ च्या सुरुवातीला बंद पडली.

पण ज्याला उद्या भाजी घ्यायची त्याला बिटकॉइनचा भाव एका दिवसात दहा टक्के पडलेला परवडत नाही, म्हणून हळूहळू सगळे यूएसडीटीकडे वळले. टेथर कंपनीचं हे टोकन, एक टोकन म्हणजे एक डॉलर असा हिशोब. आज व्हेनेझुएलात कोणी क्रिप्टो म्हणालं तर बहुतेक वेळा ते यूएसडीटीच असतं, आणि तेही ट्रॉन नेटवर्कवरचं, कारण इथेरियमवर, म्हणजे टोकन पाठवायच्या दुसऱ्या नेटवर्कवर, फी कधीकधी पाठवायच्या रकमेपेक्षा जास्त व्हायची. श्रीमंत व्हायला कोणी हे घेत नव्हतं. पगाराची किंमत पुढच्या आठवड्यापर्यंत टिकावी, बास एवढीच अपेक्षा.

प्रत्यक्षात व्यवहार होतो कसा? दुकानात क्यूआर कोड स्कॅन करतात का?

काही दुकानं थेट घेतात, पण बहुतेक घरांत गोष्ट अशी चालते. समजा एक मुलगी काराकासमध्ये बसून स्पेनमधल्या कंपनीसाठी डिझाइनचं काम करते. कंपनी तिला महिन्याला यूएसडीटी पाठवते. ती ते तसेच ठेवते. किराणा भरायचा त्या दिवशी ती बायनान्स या क्रिप्टो एक्सचेंजचं पीटूपी, म्हणजे लोकांनी आपसात खरेदी-विक्री करायची जागा, उघडते, तिथे जाहिराती असतात, अमुक दराने इतके यूएसडीटी घेतो, पैसे अमुक बँकेतून देतो. ती एखादा निवडते, ज्याचे आधीचे व्यवहार जास्त आहेत आणि तक्रारी कमी. तिचे वीस यूएसडीटी ॲप अडकवून ठेवतं. समोरचा माणूस तिला पागो मोविलने बोलिव्हार पाठवतो, ही तिथली आपल्या यूपीआयसारखी सोय, फोन नंबर, ओळखपत्राचा नंबर आणि बँक टाकली की लगेच पैसे जमा. ती आपलं बँक ॲप उघडून पैसे खरंच आले का बघते, मग बटण दाबते आणि यूएसडीटी त्याच्याकडे जातात. पाच-दहा मिनिटांचं काम. लगेच ती दुकानात जाऊन बोलिव्हार संपवून टाकते, कारण हातात ठेवायचे नसतात.

यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे लोक एकदम सगळं मोडत नाहीत. आज लागतील तेवढेच वीस, परवा पंधरा. बोलिव्हार फक्त खर्च करण्यापुरता, साठवायला डॉलर, हा नियम तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. आणि यंत्रणा कितीही नवी असली तरी शेवटी समोर माणूसच आहे, त्याचा दर बघून, त्याचा रेकॉर्ड बघून विश्वास ठेवायचा. बऱ्याच जणांचे ठरलेले दोन-तीन लोक असतात, व्हॉट्सॲपवर सरळ मेसेज टाकतात, आहेत का आज.

दर कोण ठरवतं?

एक सेंट्रल बँकेचा अधिकृत दर आणि एक रस्त्यावरचा. रस्त्यावरचा दर सांगणारी इंस्टाग्रामची पानं, टेलिग्रामचे चॅनल खूप होते आणि दुकानदार सकाळी उठून, आपल्याकडे शेतकरी लासलगावचा कांद्याचा भाव बघतो तसा, आधी तो दर बघायचा. पुढे पुढे बायनान्सच्या पीटूपीवर यूएसडीटी ज्या दराने विकला जातो तोच खरा दर असं लोक मानायला लागले, बोलायलाच लागले बायनान्सचा डॉलर असं. सरकारला हे खुपायचंच. २०२५ मध्ये असे दर प्रसिद्ध करणाऱ्यांची धरपकड झाली. नुसता भाव सांगितला म्हणून माणसाला आत टाकायचं हे मला भयंकर वाटतं, भाव सांगणाऱ्याने तर महागाई आणलेली नसते.

बाहेर गेलेली माणसं घरी पैसे कसे पाठवतात?

कोलंबिया, पेरू, चिली इथे लाखो व्हेनेझुएलन लोक राहतात, डिलिव्हरी करतात, हॉटेलात काम करतात आणि महिन्याला तीस-चाळीस डॉलर घरी पाठवतात. नेहमीच्या कंपनीतून पाठवले तर फी जाते, वर पूर्वी अधिकृत दराने बोलिव्हार हातात पडायचे म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम दरातच गायब. त्यापेक्षा कोलंबियात बोगोटाला राहणारा मुलगा तिथले पेसो देऊन यूएसडीटी घेतो आणि आईला पाठवतो, किंवा आईला फोन वापरता येत नसेल तर ओळखीच्या माणसाला पाठवतो आणि तो तिच्या खात्यात बोलिव्हार टाकतो. आईला क्रिप्टो हा शब्दही माहीत नसतो. मागे सगळं यूएसडीटीवर चाललंय आणि पुढे फक्त बँकेचा मेसेज, असं कितीतरी घरांत आहे.

वीज गेली, इंटरनेट गेलं तर?

तर काही नाही, बंद. मार्च २०१९ मध्ये गुरी धरणाच्या वीजकेंद्राकडून येणारी वीज तुटून जवळपास अख्खा देश कित्येक दिवस अंधारात होता. कार्ड मशीन बंद, फोन बंद, पाणीही नाही. माराकाइबो शहरात लूटमार झाली. तेव्हा ज्याच्या हातात कागदी डॉलर होता त्याचंच चाललं. म्हणून तिथले लोक थोडे कागदी डॉलर, थोडे फोनमध्ये असं दोन्ही ठेवतात आणि ते बरोबरच आहे. कोणी तुम्हाला सांगितलं की कागदी पैशाची गरजच संपली तर त्याने तो मार्च बघितलेला नाही.

सरकारने पण स्वतःचं कॉइन काढलं होतं ना?

पेट्रो. डिसेंबर २०१७ ला घोषणा, फेब्रुवारी २०१८ ला विक्री सुरू. तेलाच्या साठ्यावर आधारलेलं म्हणून सांगितलं होतं, पण पेट्रो देऊन तुम्हाला तेल मिळणार नव्हतं. ट्रम्प यांनी पुढच्याच महिन्यात अमेरिकन लोकांना त्यात व्यवहार करायला बंदी घातली. देशात सरकारने पेन्शनरांना बोनस पेट्रोत दिले, पासपोर्टची फी पेट्रोत ठेवली, तरी दुकानदार हात लावेना. ज्या सरकारच्या पैशावरून विश्वास उडालाय त्याच सरकारचं टोकन कोण कशाला घेईल. जानेवारी २०२४ मध्ये गुंडाळलं.

त्याहून वाईट पुढे आहे. क्रिप्टोवर लक्ष ठेवायला सुनाक्रिप नावाचं सरकारी खातं काढलेलं, मार्च २०२३ मध्ये त्याच्याच प्रमुखाला अटक झाली. आरोप असा की सरकारी तेल कंपनी पेडेव्हेसाचं तेल क्रिप्टोच्या मार्गाने विकलं गेलं आणि अब्जावधी डॉलर तिजोरीत आलेच नाहीत. तेलमंत्री तारेक एल ऐसामी यांनी राजीनामा दिला आणि २०२४ मध्ये त्यांनाही अटक झाली. म्हणजे ज्या वाटेने आई मुलाचे चाळीस डॉलर मिळवते त्याच वाटेने तेलाचे पैसेही पळाले, आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे. मला तरी दोन्ही सांगितल्याशिवाय हा विषय सांगता येत नाही.

सरकार ही वाट बंद करू शकतं का?

अवघड करू शकतं. २०२२ पासून डॉलर किंवा क्रिप्टोत पैसे दिले तर ३ टक्के कर लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये निवडणुकीच्या वादानंतर एक्स (पूर्वीचं ट्विटर) बंद केलं आणि त्याच दिवसांत बायनान्सची साइटही अडवली, लोकांनी व्हीपीएन टाकले आणि चालू ठेवलं. आणि मग २०२५ मध्ये डॉलर आटल्यावर सरकारनेच खाजगी कंपन्यांना यूएसडीटी मिळायची वाट मोकळी केली.

सगळ्यांना उपयोग झाला का?

नाही, आणि यावर फार कमी लिहिलं जातं. ज्याच्याकडे बरा फोन आहे, ज्याचं कोणीतरी बाहेर आहे किंवा ज्याला बाहेरचं काम मिळतं त्याला झाला. मार्च २०२२ मध्ये किमान वेतन १३० बोलिव्हार ठरलं, तेव्हा त्याचे साधारण तीस डॉलर व्हायचे. पुढची तीन वर्षं ते वाढवलंच नाही, २०२५ च्या मध्यापर्यंत त्याचे सव्वा डॉलरच्या आसपास उरले. सरकार वरून बोनस द्यायचं पण मूळ पेन्शन त्याच १३० ला बांधलेली होती. आता ज्या म्हाताऱ्या शिक्षिकेकडे एवढंच आहे ती काय यूएसडीटी घेणार? तिच्याकडे वाचवायलाच काही नाही. पैसा टिकवायचं साधन हे ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याच कामाचं.

एक चांगलं उदाहरणही आहे. २०२० मध्ये विरोधी पक्षनेते ग्वाइदो यांच्या बाजूने कोविडमध्ये राबणाऱ्या डॉक्टर-नर्सना मदत दिली, अमेरिकेत गोठवलेल्या सरकारी पैशातून, सर्कल कंपनीच्या यूएसडीसी या डॉलर टोकनमधून आणि एअरटीएम नावाच्या ॲपमधून, महिन्याला १०० डॉलर. तेव्हा नर्सचा महिन्याचा पगार पाच-दहा डॉलर होता.

टेथर बुडालं तर काय?

तर ज्यांनी घर त्यावर चालवलंय ते बुडतील, सरळ आहे. राखीव पैशाबद्दल खोटं सांगितल्यावरून २०२१ मध्ये टेथरला न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलबरोबर १.८५ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकन संस्थेने ४.१ कोटी डॉलर दंड लावला. कंपनी पाहिजे तो पत्ता, म्हणजे टोकन ज्यावर ठेवतात ते खातं, गोठवूही शकते. दुसरं, सगळी डॉलर टोकनं सारखी नसतात. मे २०२२ मध्ये टेराचं यूएसटी नावाचं टोकन डॉलरवरून घसरलं ते संपलंच, कारण त्याच्या मागे खरे डॉलर नव्हतेच. यूएसडीसीच्या मागे होते, तरी मार्च २०२३ मध्ये एक अमेरिकन बँक बुडाल्यावर ते दोनेक दिवस ८८ सेंटच्या आसपास गेलं, मग सावरलं.

तिथल्या लोकांना हे माहीत नाही असं नाही. पण त्यांच्यासमोर टेथर विरुद्ध स्टेट बँकेची एफडी असा पर्याय नाहीये, टेथर विरुद्ध बोलिव्हार असा आहे.

फसवणूक होते का?

भरपूर. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट हा सगळ्यात जुना प्रकार, म्हणूनच बँक ॲप उघडून बघितल्याशिवाय टोकन सोडायचं नसतं. चोरीच्या खात्यातून पैसे आले तर तुमचं खातं बँक गोठवते आणि मग फिरत बसा. ॲपच्या बाहेर ये, चांगला दर देतो म्हणणारे असतात. पत्त्यात चूक झाली तर पैसे परत येत नाहीत, तक्रार करायला काउंटर नाही. ॲक्सी इन्फिनिटी हा गेम खेळला की टोकन मिळायचं, ते विकून घर चालवणारी पोरंही तिथे होती, २०२२ मध्ये ते टोकन कोसळल्यावर त्यांची कमाईच गेली.

याने देश सावरला का?

नाही. याने हॉस्पिटलात औषध येत नाही, धरणाचं जनित्र दुरुस्त होत नाही, नोटा छापणं थांबत नाही. घर तगतं, देश नाही.

लेबनॉन, नायजेरियात पण असंच आहे का?

थोडं थोडं. लेबनॉनमध्ये २०१९ च्या शेवटी बँकांनी लोकांचे स्वतःचेच डॉलर द्यायचे बंद केले, तिथे प्रश्न बँकेत अडकलेल्या पैशाचा. मुंबईच्या पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला हजारच रुपये काढता येत होते ते ज्यांनी भोगलंय त्यांना हे समजावून सांगायला नको, फक्त तिथे जवळपास सगळ्याच बँकांचं तेच झालं. नायजेरियात सेंट्रल बँकेने २०२१ मध्ये बँकांना क्रिप्टोपासून लांब राहायला सांगितलं, लोक पीटूपीवर गेले, शेवटी डिसेंबर २०२३ ला ती बंदी उठली.

मग भारतात राहून आपण पण यूएसडीटी घेऊन ठेवावेत का?

घाबरून तर अजिबात नको. रुपया घसरतो, पण वर्षाला तीन-चार टक्के घसरणं आणि आठवड्याला तेवढंच घसरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस आहे. एक्सचेंजवर ठेवलेला पैसा सुरक्षित असतो असंही नाही, जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवर सायबर दरोडा पडून सुमारे २३ कोटी डॉलरचा माल गेला आणि ग्राहकांचे पैसे एक वर्षाहून जास्त अडकले.

आणि कोणी व्हेनेझुएलाचे फोटो दाखवून दरमहा ठराविक परतावा देतो म्हणाला तर उठून निघा. गेनबिटकॉइन या स्कीमवाल्यांनी १८ महिने, दरमहा १० टक्के असंच सांगितलं होतं, त्याच्या केसेस पुण्यात आणि नांदेडलाही झाल्या, आणि रिटायर झालेल्या लोकांची जमापुंजी त्यात गेली. व्हेनेझुएलात कोणाला १० टक्के मिळत नव्हते. त्यांना शून्य टक्के मिळत होते, आणि तेवढ्यासाठीच ते आटापिटा करत होते.

घरचं कोणी अशा देशात नोकरीला आहे, काय तयारी ठेवायला सांगावी?

पगार डॉलरमध्ये आणि शक्यतो बाहेरच्या खात्यात मिळेल का हे करार करतानाच विचारा. स्थानिक पैशात मिळाला तर साठवू नका. थोडे कागदी डॉलर जवळ, छोट्या आणि कोऱ्या नोटा. यूएसडीटी वापरायचेच असतील तर आधी पाच डॉलर पाठवून बघा, पोचले की मगच बाकीचे. नेटवर्क दोन्हीकडे एकच पाहिजे, ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो एवढं बघितलं तरी निम्म्या चुका टळतात. वॉलेटची, म्हणजे टोकन ठेवायच्या ॲपची, किल्ली असलेले बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहायचे, फोटो काढून गॅलरीत ठेवायचे नाहीत आणि कस्टमर केअर म्हणून फोन आला तरी सांगायचे नाहीत. भारतातून तिकडे किंवा तिकडून इकडे क्रिप्टोने पैसे फिरवायच्या आधी सीएला विचारा, कारण बाहेरदेशीच्या पैशाला फेमा हा परकीय चलनाचा कायदा लागतो, आणि तिथल्या देशात ते चालतं का नाही हेही बघा, काही ठिकाणी त्यासाठी तुरुंगात टाकतात.